बेभरवशाच्या थंडीत ट्रे-कुंडीत भाजीची रोपे कशी धरावीत

प्रश्न थोडक्यात असा आहे: टोमॅटो, मिरची, वांगी आणि कोबी यांचे बी ट्रेमध्ये पेरले. पहिले चार दिवस ऊब होती, मग पारा एकदम घसरला, पुन्हा चढला, पुन्हा घसरला. मिरची आणि वांगी उगवलीच नाहीत. टोमॅटो उगवला, पण निम्मी रोपे बुडाशी बारीक होऊन आडवी पडली. कोबी मात्र ठणठणीत आहे. आता पुन्हा पेरावे का, आणि हवेचा असा भरवसा नसताना रोपे धरावीत कशी?

पुन्हा पेरा. बी खराब होते असे यावरून म्हणता येत नाही. कोबी उगवला आणि मिरची उगवली नाही, यावरून तुमच्या ट्रेमधले मिश्रण (मातीऐवजी ज्यात बी पेरतो ते) १५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून गार होते असा अंदाज बांधता येतो (इथले सगळे आकडे सेल्सिअसमध्ये आहेत). कोबी १५ अंशांना साधारण ९ दिवसांत उगवतो, १० अंशांनासुद्धा दोन आठवड्यांत वर येतो. टोमॅटोला २५ अंशांना ६ दिवस पुरतात, १५ अंशांना तेच १४ दिवस लागतात आणि १० अंशांना सहा आठवडे. मिरचीला २५ अंशांना ८-९ दिवस, २० अंशांना १३ आणि १५ अंशांना २५ दिवस. वांगे २० अंशांना १३ दिवस घेते आणि १५ अंशांना बहुतेक बसूनच राहते. हे सगळे तापमान मिश्रणाचे आहे, खोलीतल्या हवेचे नाही. ओल्या मिश्रणातून सतत बाष्पीभवन चालू असल्यामुळे ते हवेपेक्षा दोन-तीन अंश गारच असते, आणि खाली थंड फरशी असेल तर आणखी गार.

आता मुख्य मुद्दा. अशा हवेत थेट गोठून मेलेली रोपे थोडी असतात. बहुतेक रोपे जातात ती गार मिश्रणात साचून राहिलेल्या ओलीमुळे. गारठ्यात मुळे पाणी कमी ओढतात, पानांतून ते कमी उडते, बी आणि कोवळे खोड जास्त दिवस ओलीत पडून राहते आणि पिथियमसारख्या बुरशीसदृश रोगकारकांना हवे तेच मिळते. म्हणून पुढे जे काही सांगतो आहे त्यातल्या निम्म्या गोष्टी उबेच्या आणि निम्म्या पाण्याच्या आहेत. नुसते पांघरूण घालून यातून सुटका होत नाही.

ट्रे, कुंडी आणि मिश्रण

जमिनीतले रोप आणि ट्रेमधले रोप यांत एक मोठा फरक आहे. जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते. ट्रेच्या कप्प्याला चारही बाजूंनी आणि खालून हवा लागते. ९८ कप्प्यांच्या ट्रेमधल्या एका कप्प्यात जेमतेम २०-२५ मिली मिश्रण मावते, त्यामुळे हवा गार झाली की तासा-दोन तासांत मुळेही तितकीच गार. दहा लिटरच्या कुंडीला तेवढे गार व्हायला रात्रीचा बराच भाग जातो. म्हणून थंडी वर-खाली होत असताना टोमॅटो, मिरची, वांगी यांना ५० कप्प्यांचा खोल ट्रे घ्या, किंवा बी एका पसरट भांड्यात दाट पेरून रोपे नंतर ९-१० सेंटिमीटरच्या कुंड्यांत हलवा. दाट पेरण्याचा फायदा असा की उगवेपर्यंत उबेची जागा अगदी थोडी लागते. काकडी, दोडका, भोपळा यांची मुळे हलवलेली सोसत नाहीत. ते थेट ८-१० सेंटिमीटरच्या कुंडीत, एका कुंडीत एक.

मिश्रण: ३ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ भाग चाळलेले जुने गांडूळखत, १ भाग परलाइट (खनिजाचे हलके, पांढरे, फुगवलेले दाणे). परलाइट नसेल तर धुतलेली जाड वाळू चालते, पण ट्रे जड होतो. ऊबदार दिवसांत परलाइट निम्मे केले तरी चालते. थंडीत कमी करू नका, मिश्रणातली हवा त्यामुळे टिकते. ५ किलोची कोकोपीटची वीट साधारण २५ लिटर पाण्यात भिजून ६०-७० लिटर होते. ती भिजल्यावर एक-दोनदा चांगल्या पाण्याने धुवून पिळून घ्या, कारण न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम-पोटॅशियमचे क्षार असतात आणि थंडीत पाणी कमी दिले जात असल्यामुळे ते आपोआप वाहून जात नाहीत.

बागेतली माती ट्रेमध्ये वापरू नका. पाणी दिल्यावर कुठल्याही भांड्याच्या तळाशी एक थर पूर्ण भिजलेला राहतोच, आणि त्या थराची जाडी मिश्रणाच्या पोतावर ठरते, भांड्याच्या उंचीवर नाही. बारीक मातीत हा थर इतका जाड असतो की ४-५ सेंटिमीटर खोलीचा कप्पा जवळजवळ पूर्णच भरून जातो. मुळांना हवा मिळायला जागा उरत नाही. तळाला खडे किंवा विटांचे तुकडे घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, त्याने उलट होते: भिजलेला थर खड्यांच्या वर सरकतो आणि मुळांच्या आणखी जवळ येतो. भोके मोकळी ठेवा, खडे नकोत.

जुने ट्रे आधी घासून धुवा. मग एक भाग घरगुती ब्लीचमध्ये नऊ भाग पाणी घालून त्यात दहा मिनिटे बुडवा, स्वच्छ पाण्याने खळखळून काढा आणि वाळवा. कप्प्याच्या कोपऱ्यात चिकटलेले जुने मिश्रण तसेच राहिले तर ब्लीचचा उपयोग होत नाही, म्हणून घासणे महत्त्वाचे.

मिश्रण भरण्याआधीच ओले करा. मूठभर घेऊन घट्ट दाबा: बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा, मूठ उघडल्यावर गोळा टिकावा आणि बोटाने टोचल्यावर फुटावा. धार लागली तर ते जास्त ओले आहे, पसरून ठेवा. एवढ्या ओलीवर पेरले आणि वर झाकण घातले तर उगवेपर्यंत बहुतेक वेळा पुन्हा पाणी द्यावेच लागत नाही.

उगवेपर्यंत: पूर्ण ऊब

बी रुजवायला ऊब लागते, उजेड जवळजवळ लागत नाही (लेट्यूस आणि सेलरी सोडून, त्यांचे बी नुसते दाबायचे, झाकायचे नाही). म्हणजे हे काम घरातल्या सगळ्यात उबदार कोपऱ्यात होऊ शकते. टोमॅटो, मिरची, वांगी, काकडीसाठी मिश्रण २५ ते २८ अंशांवर ठेवा. कोबी, फुलकोबी, कांदा यांना १८ ते २२ पुष्कळ झाले. लेट्यूस आणि पालक यांना जास्त उबेचा त्रासच होतो. लेट्यूसचे बी ३० अंशांच्या वर झोपी जाते.

ऊब आणण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे रोपांसाठी मिळणारी हीटिंग मॅट. २५ × ५० सेंटिमीटरची मॅट साधारण २० वॉटची असते आणि मिश्रण खोलीपेक्षा ५ ते १० अंश वर नेते. खोली १० अंशांवर गेली तर मॅट लावूनही तुम्ही १८ च्या पुढे जालच असे नाही. मॅटखाली २ सेंटिमीटरचा थर्माकोल ठेवा, नाहीतर निम्मी ऊब टेबलाला जाते. थर्मोस्टॅट असेल तर त्याचा सेन्सर मिश्रणात खुपसा, हवेत लोंबकळत ठेवू नका.

मॅट नसेल तर झाकणाचा थर्माकोलचा खोका घ्या, त्यात एक-एक लिटरच्या दोन बाटल्या ४५-५० अंशांच्या पाण्याने भरून ठेवा आणि दिवसातून दोनदा पाणी बदला. भांडे बाटल्यांना टेकू देऊ नका. पहिल्या दिवशी मिश्रणात तापमापक ठेवून दर दोन-तीन तासांनी वाचा, मग तुमच्या खोक्यात ऊब किती वेळ टिकते ते समजेल.

याहून चांगले म्हणजे बी आधी फडक्यात मोड आणून मग पेरणे. सुती फडके किंवा जाड टिश्यू ओला करून पिळा, बी एका थरात पसरा, गुंडाळून पिशवीत ठेवा आणि पिशवीचे तोंड अर्धवट उघडे सोडा. बियांना हवा लागते. २५-२८ अंशांना काकडी दीड-दोन दिवसांत, टोमॅटो ३-४ दिवसांत, मिरची ५ ते ७ दिवसांत मोड टाकते. मोड २-३ मिलिमीटर झाला की पेरा. ५ मिलिमीटरच्या पुढे गेला की तो फडक्यात अडकतो आणि तुटतो. चिमट्याने टरफल धरा, मोड धरू नका. थंडीत या पद्धतीचा मोठा लाभ असा की न रुजणारे बी आधीच बाजूला पडते आणि रुजलेले बी ओल्या मिश्रणात दोन-तीन दिवसच असते.

काकडीवर्गीय भाज्या, घेवडा आणि भेंडी यांच्याबाबत पहिला दिवस फार नाजूक आहे. कोरडे बी पाणी शोषून घेत असताना ते पाणी गार असले तर पेशींच्या पडद्यांना इजा होते आणि नंतर कितीही ऊब दिली तरी ती भरून निघत नाही. ते बी कुजते किंवा वेडेवाकडे उगवते. या पिकांना पहिले २४ ते ४८ तास २५ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका आणि भिजवायला कोमट पाणीच घ्या.

पेरणीची खोली बियांच्या जाडीच्या दोन-तीन पट, टोमॅटो-मिरचीला साधारण अर्धा सेंटिमीटर. थंडीत याहून खोल जाऊ नका. वरून झाकायला बारीक व्हर्मिक्युलाइट (फुगवलेल्या अभ्रकासारख्या खनिजाचे हलके कण) सगळ्यात उत्तम. त्याचा वरचा थर लवकर कोरडा होतो आणि खोडाशी ओल राहत नाही. बियांचे टरफल बीजदलांवर टोपीसारखे अडकून राहिले तर थेंबभर पाणी लावून तासभर थांबा, मग हलक्या हाताने सोडवा. कोरडे असताना ओढले तर बीजदले तुटतात.

उगवल्यावर: ऊब कमी, उजेड जास्त

इथे बरीच रोपे बिघडतात. बी उगवले म्हणजे ऊब मानवली असे समजून मॅट तशीच चालू ठेवली जाते, आणि ढगाळ हवेत उजेड आधीच कमी असतो. ऊब जास्त, उजेड कमी, म्हणजे रोप काटकुळे आणि लांबोडके होणारच. अर्ध्याहून अधिक बी वर आले की ट्रे मॅटवरून उतरवा. टोमॅटोला दिवसा १८-२१ आणि रात्री १४-१६ अंश योग्य. मिरची आणि वांग्याला दोन्ही आकडे दोन-तीन अंश वरचे. कोबी, लेट्यूस, कांदा दिवसा १५-१८ आणि रात्री ८-१० अंशांवर सुंदर वाढतात.

खिडकीतला उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, रोपाला तो पुरत नाही. साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब, ४ फुटी आणि १८-२० वॉटच्या, शेजारी शेजारी दोन लावून पानांपासून १०-१५ सेंटिमीटर उंचीवर ठेवा आणि दिवसाला १४ ते १६ तास चालवा. रोपे वाढतील तशी ट्यूब वर घ्या. रात्रभर चालू ठेवू नका, टोमॅटोची पाने अखंड उजेडात पिवळी पडतात. टोमॅटोच्या रोपांवरून दिवसातून एक-दोनदा मिनिटभर तळहात किंवा पुठ्ठा हलकेच फिरवला तर खोड आखूड आणि जाड होते. पाने ओली असताना हे करू नका.

खिडकीत ठेवत असाल तर रात्रीची जागा बदला. काचेला लागून असलेली हवा खोलीच्या हवेपेक्षा कितीतरी गार असते आणि रात्री पडदा ओढला की रोपे पडदा आणि काच यांच्या मधल्या थंड फटीत अडकतात. संध्याकाळी ट्रे निदान अर्धा मीटर आत घ्या, किंवा पडदा रोपांच्या आणि काचेच्या मधून जाईल असा लावा.

पाणी आणि रोपे कोलमडणे

तुमच्या टोमॅटोला झाले ते बहुतेक हेच. जवळून पाहिले तर ओळख सोपी आहे: मातीच्या रेषेला खोड पाण्याने भिजल्यासारखे पारदर्शक दिसते, मग दोऱ्याइतके बारीक होते, आणि रोप आडवे पडते तेव्हा पाने अजून हिरवीच असतात. हे पिथियमचे काम, गार आणि ओल्या मिश्रणात. कोबीवर्गात खोड तपकिरी होऊन तारेसारखे कडक बारीक झाले आणि रोप उभे राहूनही खुरटले तर ते रायझोक्टोनिया या बुरशीचे काम. उजेड कमी पडून आडवे झालेले रोप वेगळे दिसते: त्याचे खोड लांब असते, पण बुडाशी भरीव आणि निरोगी.

एकदा खोड बारीक झाले की ते रोप वाचत नाही. ते उपटा, त्याचा कप्पा रिकामा करा आणि आजूबाजूचे दोन-दोन कप्पेही काढा, कारण रोग मिश्रणातून गोल पसरतो. मग पाणी थांबवा, झाकण काढा, छोटा पंखा ट्रेच्या वरून हलका वारा जाईल असा लावा आणि शक्य असेल तर मिश्रण २०-२२ अंशांवर न्या. बुरशीनाशकाने शेजारची निरोगी रोपे वाचू शकतात, पडलेले उठत नाही. ट्रायकोडर्मा (रोगकारकांना आवर घालणारी उपयोगी बुरशी) थंड मिश्रणात मंदावतो. तो वापरायचा असेल तर पेरणीआधी, मिश्रण उबदार असताना मिसळून आठवडाभर मुरू द्यावा. रोग दिसल्यावर गार ट्रेमध्ये ओतून काही हाती लागत नाही.

पाणी केव्हा द्यायचे? वरचा सेंटिमीटरभर थर फिकट आणि कोरडा दिसला आणि ट्रे उचलल्यावर हलका लागला की. भरपूर पाणी दिलेला ट्रे आणि तहानलेला ट्रे दोन्ही एकदा हातात उचलून पाहा, वजनाचा अंदाज दोन दिवसांत बसतो. दिवस मोजून पाणी देऊ नका: ढगाळ गारठ्यात जो ट्रे सहा दिवस वाफशावर (बेताच्या ओलीवर) राहतो तोच उन्हाच्या दिवशी दीड दिवसात सुकतो. पाणी सकाळी द्या, म्हणजे पाने आणि वरचा थर संध्याकाळपर्यंत कोरडा होतो. पाणी १८-२२ अंशांचे हवे. टाकीतले ७-८ अंशांचे पाणी ओतले की मॅटने तासन्‌तास दिलेली ऊब क्षणात जाते. जमेल तर खालून द्या: ट्रे २ सेंटिमीटर पाण्यात १५-२० मिनिटे ठेवा, वरचा थर काळसर होऊ लागला की काढा आणि निथळू द्या. पसरट ताटात पाणी साठवून ट्रे त्यातच सोडून देणे म्हणजे रोगाला आमंत्रण.

मिश्रणावर हिरवे शेवाळ किंवा बारीक काळ्या माश्या दिसू लागल्या तर पाणी जास्त होते आहे. माश्यांच्या अळ्या कोवळी मुळे खातात. पिवळे चिकट कार्ड ट्रेलगत आडवे ठेवा आणि वरचा थर कोरडा होऊ द्या.

जांभळी पाने आणि खत

गारठ्यात टोमॅटोची पाने खालून जांभळी होतात आणि लगेच स्फुरदाचे खत दिले जाते. मिश्रणात स्फुरद बहुतेक वेळा असतोच, गार मुळांना तो उचलता येत नाही. मिश्रण १६-१८ अंशांवर आले की नवी पाने हिरवी येतात. खताने फक्त क्षार वाढतात.

बीजदलांनंतरचे पहिले खरे पान पूर्ण उघडेपर्यंत खत नको, गांडूळखतातले पुरते. नंतर कॅल्शियम नायट्रेट लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. थंडीत नायट्रेट रूपातला नत्र घ्यावा याला कारण आहे: युरिया आणि अमोनियम यांचे नायट्रेट करणारे जिवाणू १५ अंशांच्या खाली फार हळू काम करतात, अमोनियम साठते आणि मुळांची टोके भाजतात. १९:१९:१९ सारख्या (नत्र, स्फुरद आणि पालाश सारखेच असलेल्या) खतात नत्राचा मोठा भाग युरियाचा असतो. ते ऊब स्थिरावल्यावर, लिटरला अर्धा ग्रॅम, आलटून पालटून द्या. दोन्ही एकाच द्रावणात मिसळू नका, कॅल्शियम आणि स्फुरद एकत्र येऊन साका बसतो. थंडीची लाट येणार असे दिसले की चार दिवस आधीपासून खत बंद. नत्रावर वाढलेले लुसलुशीत पान सगळ्यात आधी करपते.

थंड रात्र

हवामानाच्या अंदाजातले किमान तापमान जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवरच्या हवेचे असते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर पाने आपली ऊब सरळ आकाशाकडे टाकतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा तीन-चार अंश गार होतात. म्हणून अंदाज ४ अंशांचा असला तरी निरभ्र, निवांत, कोरड्या रात्री पानावर दहिवर (गोठलेले दव) जमू शकते. ढग असतील किंवा वारा वाहत असेल तर अंदाजाच्या आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. मिरची, वांगी, काकडी यांना गोठण्याची वाट पाहावी लागत नाही. १० अंशांच्या खाली काही रात्री गेल्या तरी वाढ थांबते.

कुंडीची मोठी सोय म्हणजे ती उचलता येते. घरात घेता येत असेल तर बाकीचे सगळे उपाय दुय्यम आहेत. बाहेरच ठेवावी लागत असेल तर उघड्या मांडणीवरून ट्रे खाली जमिनीवर आणा, कारण रात्री जमिनीतून ऊब वर येते. घरातल्या थंड फरशीबाबत मात्र उलटे: तिथे ट्रेखाली थर्माकोल हवा. दिवसभर ऊन खाणाऱ्या भिंतीशी कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा आणि बाहेरच्या रांगेभोवती गोणपाट किंवा बबल शीट गुंडाळा.

पांघरूण ऊन कलायच्या आत, मिश्रण अजून उबदार असताना घाला. अंधार पडल्यावर घातले तर झाकायला ऊबच उरलेली नसते. विणरहित पांढरे क्रॉप कव्हर पातळ (१७ ग्रॅम प्रति चौरस मीटर) असेल तर एक-दोन अंशांचे, ३० ग्रॅमचे असेल तर दोन-तीन अंशांचे संरक्षण देते. ते तारेच्या कमानींवर घाला, पानांना टेकू देऊ नका, आणि कडा जमिनीपर्यंत आणून दगडांनी दाबा. रोपाच्या बुंध्याशी गोळा करून बांधले तर जमिनीची ऊब आत येत नाही. प्लास्टिक कापड पानाला टेकले तर नेमके तेवढेच पान करपते.

पाण्याच्या बाटल्यांबद्दल नेहमी विचारले जाते. १ लिटर पाणी १० अंशांनी निवताना सुमारे ४२ किलोज्यूल, म्हणजे ११-१२ वॉट-तास ऊब सोडते. ५ लिटरचे चार कॅन ४० अंशांच्या पाण्याने भरून पांघरुणाखाली ठेवले आणि सकाळपर्यंत ते १० अंशांवर आले, तर जवळपास ७०० वॉट-तास मिळतात. १२ तासांत वाटले तर ५०-६० वॉटचा हीटर रात्रभर चालल्यासारखे. एक लिटरची एकच बाटली ठेवली तर हिशेब तीन वॉटचा येतो, तिचा भरवसा धरू नका. शेगडी, निखारे किंवा रॉकेलचा दिवा बंद जागेत कधीही नको. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड माणसाच्या जिवावर बेततो, आणि अर्धवट जळण्यातून होणाऱ्या इथिलीनने टोमॅटोची पाने खाली वळतात.

सकाळी विसरू नये असे काम म्हणजे पांघरूण काढणे. बाहेर १२ अंश असले तरी उन्हात बंद प्लास्टिकखाली ४० च्या वर पारा सहज जातो. रात्र निभावलेली रोपे दुसऱ्या दिवशी अकरा वाजता शिजून जाणे ही फार वेळा घडणारी गोष्ट आहे. आतले तापमान २५ झाले की बाजू उघडा. किमान-कमाल नोंदवणारा तापमापक ट्रेच्या उंचीवर, उन्हापासून आडोशाला ठेवलात तर रात्री किती खाली आणि दिवसा किती वर गेले हे दोन्ही कळते. या सगळ्यात एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ती ही घ्या.

रोपे गोठलीच तर लगेच उन्हात आणू नका, हातही लावू नका. सावलीत, ५-८ अंशांत हळूहळू सुटू द्या आणि दुपारी पाहा. गोठलेली पाने काळपट, ओलसर आणि लोळागोळा दिसतात. शेंडा हिरवा असेल तर रोप ठेवा. टोमॅटोचा शेंडा गेला आणि बीजदले राहिली तर त्यांच्या बगलेतून फुटवे येतात, पण दोन-तीन आठवडे मागे पडून. त्यापेक्षा नवे पेरलेले रोप बहुधा आधी तयार होते.

किती आणि केव्हा पेरायचे

एकाच दिवशी सगळे बी पेरू नका. तीन भाग करा आणि १०-१२ दिवसांच्या अंतराने पेरा. थंडी लवकर सरली तर पहिली खेप कामी येते, लांबली तर दुसरी किंवा तिसरी.

लावणीचा दिवस रात्रीच्या तापमानावर ठरवा: टोमॅटोला रात्री सलग १० अंशांच्या वर हव्यात, मिरची, वांगी आणि काकडीला १३ ते १५ च्या वर. तिथून मागे मोजा. टोमॅटोला ५-७ आठवडे, मिरचीला ८-१०, वांग्याला ८-९, काकडीला फक्त ३-४, कोबीला ५-६, कांद्याला ८-१०. थंड जागेत वाढवणार असाल तर आठवडाभर जास्त धरा.

रोपे तयार आणि थंडी हटत नाही, अशा वेळी टोमॅटो थांबवता येतो. एक माप मोठ्या कुंडीत, बीजदलांपर्यंत खोल लावा (गाडलेल्या खोडाला मुळे फुटतात), रात्री १२ अंशांवर ठेवा, पाणी जरा ताणून द्या, पण कोमेजू देऊ नका. मिरचीही सोसते. काकडी थांबवू नका, पुन्हा पेरा. फुलकोबीचेही तेच: ट्रेमध्ये अडकून उपाशी राहिलेल्या रोपाला शेतात गेल्यावर बोराएवढा गड्डा धरतो आणि तिथेच संपते. कोबी आणि कांद्याचे रोप पेन्सिलीइतके जाड झाल्यावर कित्येक आठवडे १० अंशांच्या खाली राहिले तर गड्ड्याऐवजी फुलोरा येतो, कांद्याला डेंगळे येतात. लहान रोपाला हा धोका नाही. म्हणून थंडीत कोबी-कांद्याचे रोप जून करून ठेवण्यात काही फायदा नसतो, तुमचा आत्ताचा ठणठणीत कोबीसुद्धा चार-पाच पानांवर आला की बाहेर काढा.

लावणीआधी रोपे बाहेरच्या हवेला काटक करायला ७-१० दिवस लागतात. पहिल्या दिवशी आडोशाच्या सावलीत दोन तास, मग रोज तास-दोन तास वाढवत शेवटी पूर्ण दिवस. पान कागदासारखे पांढरे पडले तर तो उन्हाचा चटका आहे, थंडीचा नाही. वारा मात्र दोन्हींपेक्षा जास्त छळतो, त्याचा आडोसा सगळ्यात शेवटी काढा. काटक झालेला कोबी हलके दहिवर सोसतो. टोमॅटो कितीही काटक केला तरी गोठणे सोसत नाही.

थंडीत लावणी संध्याकाळी करू नका. सकाळी ऊन आल्यावर लावा, कोमट पाणी बुडाशी द्या आणि पहिल्या चार-पाच रात्री क्रॉप कव्हर घाला. लावणीच्या दिवशी सकाळी आठ वाजता मातीत ५-७ सेंटिमीटरवर तापमान पाहा. टोमॅटोसाठी १५ च्या खाली असेल तर रोप अजून आठवडाभर कुंडीतच ठेवा.